खोक्याबाहेरची आगगाडी

जुन्या खेळण्यांच्या बाजारात एक चमत्कारिक न्याय चालतो. जे खेळणे मुलांना मनापासून आवडले, ज्याच्याशी ती वर्षानुवर्षे खेळली, ते आज स्वस्त असते. आणि जे कोणालाच नको होते, म्हणून दुकानात किंवा माळ्यावर खोक्यातच पडून राहिले, ते महाग होते. अमेरिकेतील लायोनेल कंपनीने १९५७ साली खास मुलींसाठी म्हणून एक आगगाडी बाजारात आणली. तिचे इंजिन गुलाबी होते आणि डबे फिक्या, गोडसर रंगांचे. ती खपली नाही. मुलींनाही, असे दिसते, आगगाडीसारखी दिसणारी आगगाडीच हवी होती. आज तीच न खपलेली गाडी संग्राहकांच्या अत्यंत आवडीची आहे. इतकी की जुनी म्हणून गळ्यात मारल्या जाणाऱ्या तिच्या नकलांपासून सावध राहावे लागते. त्याच काळातले साधे काळे इंजिन, जे घरोघर नाताळच्या झाडाभोवती फिरले, ज्याच्या कडांचा रंग लहान हातांनी उडाला, ते मात्र पुष्कळदा शंभर डॉलरच्या आत मिळून जाते.

कमी पैशांत जुन्या गाड्या जमवू आणि चालवू पाहणाऱ्याने ह्या न्यायाबद्दल तक्रार करू नये, असे आम्हांला वाटते. बाजार ज्याला दोष मानतो त्यातच त्याचा लाभ आहे. मात्र ही केवळ काटकसरीची युक्ती असती तर तिच्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. जुन्या वस्तूचे मोल तिच्या अस्पर्श राहण्यात असते की कामास येत राहण्यात, हा प्रश्न ह्या लहानशा छंदात फार उघडपणे समोर येतो. आणि ज्यांचा रोजचा व्यवहार जुन्या पुस्तकांशी आहे त्यांना तो परका वाटू नये.

आधी थोडा इतिहास. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापाचे, एकमेकांना जोडता येणारे आणि पुढे वाढवता येणारे रूळ मांडले, तेव्हा खेळण्यातल्या आगगाडीचे रूप पालटले. तोवर गाडी ही एक वस्तू होती. आता ती एक रचना झाली, जिच्यात दर वाढदिवसाला भर घालता येई. न्यूयॉर्कमध्ये जोशुआ लायोनेल कावेन ह्याने १९०० साली काढलेल्या कंपनीने विजेची गाडी अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत नेली. लिव्हरपूलमध्ये मेकॅनोचा जनक फ्रँक हॉर्नबी ह्याने १९२० साली चावीच्या गाड्या काढल्या. त्यांपैकी पहिल्या गाड्या मेकॅनोप्रमाणेच नटबोल्टांनी जोडलेल्या होत्या. दोन्हींचे प्रचलित माप 'ओ' गेज, म्हणजे रुळांमधले अंतर सुमारे ३२ मिलिमीटर. आमच्या डोळ्यांपुढे मुख्यतः ह्या मापाच्या गाड्या आहेत.

१९५४ साली अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या संग्राहकांची संघटना स्थापन झाली आणि वस्तूची अवस्था एक ते दहा अशा श्रेणीत सांगण्याची पद्धत पुढे रूढ झाली. दहा म्हणजे कोरी, न वापरलेली. पाच म्हणजे ओरखडे, बारीकसे पोचे आणि मळ असलेली. ही श्रेणी दिसण्याची आहे. इंजिन चालते की नाही ह्याच्याशी त्या आकड्याचा थेट संबंध नाही. मूळ खोका सोबत असेल तर भाव चढतो. कधी तर रिकाम्या खोक्यालाच स्वतंत्र गिऱ्हाईक मिळते. वाल्टर बेन्यामिनने १९३५ च्या आपल्या पॅरिसविषयक टिपणात संग्राहकाचे वर्णन वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सोडवणारा असे केले आहे. विचार सुंदर आहे. परंतु बेन्यामिनच्या संग्राहकाला जी मुक्ती अभिप्रेत होती ती बाजारभावापासूनचीही मुक्ती होती. काचेआड ठेवलेले, एकदाही न धावलेले इंजिन उपयोगातून सुटते खरे, पण ते किमतीच्या कचाट्यात अधिकच घट्ट सापडते. उलट पाच-सहा श्रेणीचे, रंग उडालेले इंजिन घेणाऱ्याला त्याच्या भावाची चिंता करावी लागत नाही. आणखी एक ओरखडा पडल्याने त्याचे काहीच जात नाही. स्वस्त वस्तूचा मालकच येथे अधिक मुक्त आहे.

आता टिकाऊपणाकडे वळू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लायोनेल इंजिनांची, म्हणजे १९४५ ते १९६९ ह्या काळातल्या मालाची, ख्याती आहे ती त्यांच्या जडशीळ बांधणीमुळे. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव अंग, आत उघडी मोटर, तिला दोन कार्बन ब्रश. परंतु हे सारे मोडत नाही म्हणून टिकले, असे समजणे चुकीचे होईल. ते मोडते. ब्रश झिजतात, कॉम्युटेटरवर काजळी साचते, वंगण वाळून डिंकासारखे होते. ते टिकले ते उघडता येते म्हणून. काही स्क्रू काढले की मोटर हातात येते. काजळी पुसावी, ब्रश बदलावेत, धारव्यांना तेलाचा एकेक थेंब आणि दात्यांना थोडे ग्रीस द्यावे, की सत्तर वर्षांपूर्वीचे यंत्र पुन्हा फिरू लागते. गाडीची दिशा बदलणारी योजनासुद्धा डोळ्यांना दिसणारी आहे: वीज खंडित करून पुन्हा दिली की एक लहानसे विद्युच्चुंबक खटका ओढते, दातेरी पिंप एक घर सरकते, आणि क्रम चालतो पुढे, थांबा, मागे, थांबा. कंपनीने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी सुट्या भागांच्या आकृत्या आणि क्रमांक असलेली पुस्तिका काढली होती; तिची पुनर्मुद्रणे आजही उपयोगी पडतात आणि अनेक सुटे भाग आजही नव्याने बनतात. वस्तू बिघडणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरले होते आणि त्या दिवसाची सोय करून ठेवली होती. आजच्या इंजिनांत आवाज, धूर आणि दूरनियंत्रण सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक फलक असतात. त्यातला एखादा जळला तर स्क्रूड्रायव्हर आणि चिंधी घेऊन बसलेल्या माणसाच्या हाती फारसे काही उरत नाही.

ह्याचा अर्थ जुने ते सोने, असा मुळीच नाही. युद्धपूर्व काळातल्या कित्येक गाड्यांची जस्ताच्या मिश्रधातूची चाके आज फुगून, तडे जाऊन भुकटी होताना दिसतात. हॉर्नबीच्या गाड्यांना हा रोग विशेष जडला. ओतीव धातूत मिसळलेले किंचित शिसे हे त्याचे कारण. तो आतूनच पोखरतो आणि त्याला औषध नाही, चाकेच बदलावी लागतात. स्वस्त ते टिकाऊ हेही तितकेच असत्य. लायोनेलनेच १९४८ साली 'स्काउट' नावाच्या कमी किमतीच्या गाड्या काढल्या. त्यांच्या डब्यांचे आकडे कंपनीच्या इतर डब्यांशी जुळत नसत, आणि त्या वर्गातल्या इंजिनांत वापरलेली प्लास्टिकच्या बाजूंची मोटर दुरुस्तीच्या दृष्टीने कुप्रसिद्ध आहे. याउलट लुई मार्क्स ह्याच्या कंपनीच्या छापील पत्र्याच्या गाड्या मुळात गरिबांच्या खिशाला परवडाव्यात म्हणून केल्या होत्या. त्यांची मोटर इतकी साधी आणि दणकट की त्या आजही कमी पैशांत मिळतात आणि चालतात. प्रतिष्ठित संग्राहकांनी दीर्घ काळ त्यांच्याकडे नाके मुरडली. लोकप्रिय साहित्याकडे पाहण्याची आपली रीत आठवावी, म्हणजे ह्याचे नवल वाटणार नाही.

तेव्हा थोड्या पैशांत आरंभ करणाऱ्याने काय करावे? दुर्मीळतेच्या मागे लागू नये. जे लाखोंनी बनले तेच घ्यावे, कारण त्याचेच सुटे भाग मिळतात. चाके हाताने फिरवून, तडे नाहीत ना ते पाहावे. रंगापेक्षा तारांच्या वेष्टनाकडे अधिक लक्ष द्यावे. जुना ट्रान्सफॉर्मर हा ह्या छंदातला एकमेव खरोखर धोकादायक भाग आहे. त्याची वायर कडक झालेली किंवा तडकलेली असेल तर ती बदलल्यावाचून तो लावू नये. अमेरिकी ट्रान्सफॉर्मर ११०-१२० व्होल्टांसाठी असतो, आपल्याकडच्या २३० व्होल्टांवर तो थेट जोडणे म्हणजे त्याला आगीत टाकणे होय. रूळ गंजलेले असतील तर घासून स्वच्छ होतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क येथे वर्षातून दोनदा भरणारा संग्राहकांचा मेळा जवळचा आहे. तेथील चकचकीत टेबले सोडून, टेबलांखालची मोडक्या मालाची खोकी चाळावीत. ह्या खेळाला आवश्यक असलेली पिढी आता थकत चालली आहे, म्हणून सामान्य मालाचे भाव १९९० च्या दशकाच्या मानाने उतरले आहेत. कमी पैशांत प्रवेश करण्यास हा काळ वाईट नाही.

रोलाँ बार्थ ह्याने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये खेळण्यांवर लिहिताना असा आक्षेप घेतला होता की आधुनिक खेळणी प्रौढांच्या जगाच्या लहान प्रती असतात आणि त्या मुलाला निर्माता न करता केवळ मालक आणि वापरकर्ता करतात. आगगाडी हे ह्या आक्षेपाचे ठळक उदाहरण ठरावे: स्टेशन, सिग्नल, मालवाघिणी, सारे प्रौढांचेच. तरीही आम्हांला वाटते, येथे बार्थचा नेम थोडा चुकतो. रुळांचे तुकडे रोज नव्याने मांडावे लागतात. लायोनेलच्या तीन रुळांच्या पद्धतीत वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन्हींतून परतते. त्यामुळे गाडी फास घेऊन उलट दिशेने त्याच मार्गावर परत आली तरी शॉर्टसर्किट होत नाही. खऱ्या रेल्वेला सहसा असा मधला रूळ नसतो, म्हणून चोखंदळ मंडळी ह्या मधल्या रुळाला हसतात. पण वास्तवाशी केलेल्या ह्या तडजोडीमुळेच आठ वर्षांच्या मुलाला हवी तशी वाट आखण्याची मोकळीक मिळाली. नक्कल जेथे अपुरी राहिली तेथे खेळाला जागा झाली.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. सर्वांनीच जुन्या गाड्या पळवल्या, रंगवल्या, त्यांचे भाग बदलले, तर पुढच्या पिढीला मूळ वस्तू पाहायला कोठे मिळणार? जे खरोखर एकटेदुकटे उरले आहे ते जपलेच पाहिजे, आणि नव्याने रंगवलेला माल मूळचा म्हणून विकणे ही सरळसरळ लबाडी आहे. बदललेला भाग बदललेला म्हणून सांगावा. पाठभेद नोंदवणाऱ्या संपादकाकडून आपण हीच अपेक्षा करतो. परंतु जपणे म्हणजे निश्चल करणे नव्हे. वर सांगितलेल्या संग्राहक संघटनेच्या स्ट्रासबर्ग येथील संग्रहालयात गाड्या चालत्या मांडण्यांवर धावतात. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयातही, तेथील गाड्या खेळण्यांपेक्षा प्रतिकृतींच्या जातीच्या असल्या तरी, लोक जातात ते गाड्या धावताना पाहायलाच. धावताना जो आवाज येतो, तापलेल्या तेलाचा आणि ठिणग्यांचा जो वास येतो, तोही त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो काचेआड जपता येत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. पाने न कापलेली पहिली आवृत्ती आणि तीन पिढ्यांनी समासात टिपा केलेली, पुठ्ठा निखळलेली प्रत, ह्यांत बाजार कोणती निवडतो हे आपण जाणतो. वर्गात मात्र आपल्याला दुसरीच लागते. अभिजात म्हणून कपाटात बंद झालेली कृती आणि अजून उघडता, खोलता, तिच्याशी भांडता येते अशी कृती, ह्यांत जिवंत कोणती हे ठरवणे कठीण नाही. ज्याच्या खिशात पैसे थोडे आहेत त्याला निवडीचा प्रश्नच पडत नाही. त्याच्या वाट्याला वापरलेलेच येते. त्यात उणेपणा मानण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. उडालेल्या रंगाचे इंजिन टेबलावर घ्यावे, स्क्रू काढावेत, आणि आत काय आहे ते पाहावे.