कुत्र्याचं औषध मांजराला चालत नाही

पावसाळा ते दिवाळी हा पिसवांचा मोसम. हवा दमट असली की त्यांची अंडी आणि अळ्या तगतात. या दिवसांत ओळखीपाळखीच्या लोकांकडून मला एक प्रश्न हमखास येतो: “पिसवांवर चांगलं औषध कोणतं?” माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. जनावर कोणतं, वजन किती, वय किती, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत यातलं काहीही न विचारता उत्तर दिलं जातं, हीच माझी तक्रार आहे.

मुस्लिम वस्त्यांना हा विषय अधिक लागू पडतो, कारण आपल्या घरांत कुत्र्यापेक्षा मांजर जास्त. मांजर पाक मानलं जातं. ते मुसल्ल्यावर येऊन बसलं तरी कोणी ओरडत नाही, रात्री पोरांच्या गादीत झोपतं. दुकानाच्या फळीवर मात्र कुत्र्यांच्या औषधांची गर्दी असते. मांजरासाठी काही मागितलं तर “हेच लावा, थोडं कमी लावा” असं सांगून कुत्र्याची बाटली हातात ठेवली जाते. धोका या ‘थोडं कमी’मध्येच आहे.

परमेथ्रिन नावाचं एक कीटकनाशक आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंब-औषधांत ते भरपूर प्रमाणात असतं आणि कुत्र्याला ते सहसा सोसतं. मांजराला सोसत नाही. अशी रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी प्रक्रिया व्हावी लागते, ती मांजरात फार दुबळी असते. आपल्याला ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो. तीच एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागेही हीच उणीव आहे. म्हणजे मांजर हे छोटं कुत्रं नव्हे. मात्रा अर्धी केल्याने विष औषध होत नाही.

आमच्या शेजारच्या एका घरात गेल्या वर्षी हेच झालं. दुकानातून आणलेली कुत्र्याची थेंबांची नळी त्यांनी मांजराच्या मानेवर अर्धी रिकामी केली. संध्याकाळी त्याचे कान फडफडू लागले, तोंडातून लाळ, मग सगळं अंग थरथरू लागलं. डॉक्टरांकडे वेळेत नेलं म्हणून ते वाचलं. नळीवर मांजराला वापरू नये अशी सूचना होती. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. घरातल्या आजी उर्दू वाचतात, सूनबाई मराठी. ती सूचना नेमकी कोणासाठी छापली होती?

घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर आणखी एक गोष्ट. कुत्र्याला परमेथ्रिन लावलं आणि मांजर त्याला बिलगून झोपलं किंवा त्याला चाटलं, तरी विषबाधा होऊ शकते. अशा घरात ते औषध आणूच नये.

तालुक्याच्या गावांत वेगळा प्रकार. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडांसाठी डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिनचं औषध असतं, ते पाण्यात अंदाजे कालवून कुत्र्या-मांजरांना लावलं जातं. दोन्ही परमेथ्रिनच्याच जातकुळीतली. गोचिडांवरचं अमिट्राझही मांजरांना धोक्याचं. “गोचिडाचं इंजेक्शन” म्हणून दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन पिसवांवर भरवशाचं नाही आणि कोलीसारख्या जातींच्या काही कुत्र्यांना ते जीवघेणं ठरतं. पिसू वेगळी, गोचीड वेगळी. आपण बोलताना दोन्ही एकत्र करतो आणि मग औषधही चुकतं.

घरगुती उपायवाल्यांचंही तसंच. ‘नैसर्गिक’ म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण टी-ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्या मांजरांना घातक आहेत. लसूण चारल्याने पिसवा जात नाहीत, उलट कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, हे लक्षात ठेवलं तरी निम्मे उपाय आपोआप बाद होतात.

मग वापरायचं काय? मांजरासाठी म्हणून बनवलेली फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिडची थेंब-औषधं आहेत. कुत्र्यांसाठी अफोक्सोलानर, फ्लुरालानर अशा तोंडावाटे द्यायच्या गोळ्या आल्या आहेत. त्या चांगल्या चालतात. मात्र या गटातल्या औषधांमुळे काही जनावरांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला. ज्या कुत्र्याला आधी फिट आली आहे, त्याच्या बाबतीत हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. फिप्रोनिल मांजराला चालतं, पण सशाला ते विष आहे. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना तर बहुतेक औषधं चालत नाहीत. तिथे बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याचं भांडं हाच सर्वांत सुरक्षित इलाज. फणीत आलेली पिसू त्या पाण्यात बुडवायची.

विषबाधेचं आणखी एक कारण म्हणजे आपली अधीरता. औषध लावलं, आठ दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या, की लोक म्हणतात औषध नकली होतं, आणि पुन्हा लावतात, दुप्पट लावतात. खरं असं की जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात गादीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते आणि कोशातली पिसू काही महिने दबा धरून राहू शकते. म्हणून आठ दिवसांनी दिसलेली पिसू बहुधा जुनी न मेलेली नसते, नवी जन्मलेली असते. त्यावर इलाज दुप्पट मात्रा हा नाही. घरातल्या सगळ्या जनावरांना एकाच वेळी, ज्याचं त्याचं औषध, ठरलेल्या अंतराने किमान तीन महिने द्यायचं. अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, कोपरे रोज झाडायचे. मेहनतीचं काम आहे, पण त्याने कोणी मरत नाही.

आणि चुकून मांजराला कुत्र्याचं औषध लागलंच, तर वाट पाहू नका. कोमट पाणी आणि सौम्य भांड्यांच्या साबणाने ते धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं खोकं सोबत घेऊन लगेच डॉक्टर गाठा. दूध पाजू नका, उलटी करवू नका.

डॉक्टर परवडत नाही, हे मला सर्वांत जास्त ऐकावं लागतं, आणि ते खोटं नाही. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल १८८३ पासून आहे. एकदा तिथे जाऊन औषधाचं नाव आणि मात्रा लिहून आणली तर वर्षभर तीच चिठ्ठी दुकानात दाखवता येते. झटके आलेल्या मांजराच्या उपचाराला जो खर्च येतो, त्यापुढे तो फेरा स्वस्तच.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकणं मला मान्य नाही. अमेरिकेत २००८ साली थेंब-औषधांबद्दल ४४ हजारांवर तक्रारी नोंदल्या गेल्या, तेव्हा तिथल्या पर्यावरण खात्याने चौकशी करून लेबलं अधिक स्पष्ट करायला लावली. तक्रारी मोजल्या गेल्या म्हणून दबाव आला. आपल्याकडेही माझी मागणी साधी आहे: मांजराला घातक असलेल्या प्रत्येक औषधावर मांजराचं चित्र आणि त्यावर ठळक लाल फुली हवी, सूचना मराठीत हवी, आणि विकणाऱ्याने ‘कुत्रा की मांजर, वजन किती, वय किती’ हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. चित्र वाचायला कोणतीही भाषा यावी लागत नाही.

तोवर हे तीन प्रश्न आपणच दुकानदाराला विचारू या. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून औषध घेऊ नये.