हात हाले, चित्र न हाले

गतवर्षीं शाळेच्या क्रीडामहोत्सवांत धांवणाऱ्या मुलांच्या बरोबरीनें धांवत मीं लहान व्हिडिओ कॅमेऱ्यानें शर्यतीचें चित्रण केलें. पुढें तें पालकांना दाखविलें, तेव्हां एका माउलीनें विचारलें, "सर, माझा मुलगा पहिला आला म्हणतां, तो यांत आहे कोठें?" पडद्यावर कधीं आभाळ, कधीं धूळ, मुलगा क्षणभरहि धड दिसेना. मी ओशाळलों.

उपाय दोन होते: बाजारांतून मोटारींवर चालणारें गिंबल आणावें, किंवा साधन घरींच करावें. नववीच्या दोन मुलांनीं दुसरा मार्ग धरला. त्यावर कांहीं पालकांचें म्हणणें पडलें कीं, असल्या खटपटींत वेळ दवडण्यापेक्षां मुलांनीं गणितें सोडवावींत. या आक्षेपाचा विचार करणें अवश्य आहे.

साधन तें काय? एक फूट लांबीची नळी. तिच्या माथ्यावर लहानशी फळी, व कॅमेऱ्याच्या बुडाशीं असलेल्या भोंकांत बसणारा पाव इंची स्क्रू. तळाशीं वजनासाठीं लोखंडी वायसर. आणि मधें चोहोंकडे मोकळ्या वळणाऱ्या सांध्यानें जोडलेली मूठ. सारें मर्म या मुठीच्या जागेंत आहे. ती गुरुत्वमध्याच्या किंचित् वर हवी. खालीं असल्यास कॅमेरा उलटतो; फार वर असल्यास तो घड्याळाच्या लंबकासारखा झुलूं लागतो. नळी आडवी धरून सोडली असतां दोन-तीन सेकंदांत सावकाश उभी राहिली, म्हणजे जागा साधली असें समजावें.

आमचा कॅमेरा २०० ग्रॅमचा, तळचें वजन ४०० ग्रॅम, दोहोंतील अंतर ३० सेंटिमीटर. नळीचें वजन न धरल्यास गुरुत्वमध्य कॅमेऱ्याखालीं २० सेंटिमीटरांवर येतो. मुलांनीं हें उत्तर कागदावर काढलें व नळी बोटावर तोलून ताडून पाहिलें. गुरुत्वमध्य थोडा वर आढळला. नळी व फळी यांच्या वजनामुळें असें झालें, हें त्यांनींच मला सांगितलें. वजनें दुप्पट दूर नेल्यास कलंडण्यास होणारा जडत्वाचा विरोध चौपट होतो, हेंहि त्यांना हातानें कळलें. याहून अधिक गणित तें कोणतें?

शिवाय हा पोरखेळ नव्हे. अमेरिकेंतील कॅमेरामन गॅरेट ब्राउन यांनीं याच तत्त्वावर 'स्टेडिकॅम' सिद्ध केला. १९७६ सालच्या 'बाउंड फॉर ग्लोरी' व 'रॉकी' या चित्रपटांत तो वापरला गेला, आणि १९७८ मध्यें त्यास ऑस्कर सन्मान मिळाला. त्याची भिस्त वजनें, स्प्रिंगा व मोकळा सांधा यांवर होती, मोटारींवर नव्हे.

मोटारींचें गिंबल अधिक सफाईनें काम करतें, हें मी नाकारीत नाहीं. तें विकत घेण्यांत दोषहि नाहीं. परंतु विकत घेतलेलें साधन बिघडलें, तर मूल दुकानाकडे पाहतें. स्वतः केलेलें बिघडलें, तर तें आपल्या चुकीकडे पाहतें. शिक्षणाचा आरंभ तेथें होतो.

यंदाचें चित्रण त्याच दोन मुलांनीं केलें. तें निर्दोष नव्हतें. मैदानाच्या वळणावर चित्र थोडें झुललें. परंतु त्या माउलीस आपला मुलगा आरंभापासून शेवटच्या दोरीपर्यंत दिसला. या खेपेस तो तिसरा आला. तरी तिनें तें चित्र दोनदां पाहिलें.

तेव्हां पालकहो, सुटींत आपल्या मुलानें एखादी नळी, स्क्रू व चार वायसर मागितले, तर नाहीं म्हणूं नका.