डिजिटल जतन आणि गावोगावच्या संस्था

महाराष्ट्रातील वाचनालये, इतिहास मंडळे आणि छोटी वस्तुसंग्रहालये यांच्या कार्यकर्त्यांना डिजिटल जतनाचे, त्यातही संकेतस्थळांचा अभिलेख ठेवण्याचे शिक्षण द्यावे, असा विचार मांडला की त्यावर ठरावीक आक्षेप पुढे येतात. जुनी पुस्तके व कागदपत्रे स्कॅन झाली की जतनाचे काम संपते. महाजालावरील मजकूर अमेरिकेतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था 1996 पासून साठवीत आहेच. आणि वीजबिल भरतानाही ज्यांची ओढाताण होते अशा संस्थांच्या गळ्यात हे नवे लोढणे कशाला अडकवायचे, असा या पूर्वपक्षाचा आशय असतो. यातील शेवटच्या आक्षेपात तथ्य आहे. पहिले दोन मात्र जतन म्हणजे काय याच्या अपुऱ्या समजुतीतून निघालेले आहेत.

स्कॅन ही मूळ वस्तूची प्रतिमा असते. ती कोणत्या वस्तूची, कोठून आलेली आणि कोणत्या कागदाशेजारी होती, हे प्रतिमा आपण होऊन सांगत नाही. मोडी कागद ज्या फडक्यात बांधून ठेवतात त्या रुमालाचा क्रमांक, आतील पुडक्याचा क्रमांक आणि पाठीमागील कोरी वाटणारी बाजू यांची नोंद न करता शेकडो पाने कॅमेऱ्याने दिलेल्या अनुक्रमांकांखाली हार्ड डिस्कवर टाकली, तर अभ्यासकाच्या दृष्टीने रुमाल सोडून कागद वाऱ्यावर उधळल्यासारखेच होते. शिवाय तयार झालेली फाइलही नाशवंतच असते. तिच्यातील अंश नकळत बिघडू शकतात आणि हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्रत्येक फाइलीवर गणिती प्रक्रिया करून तिची एक ओळखसंख्या काढतात, जिला चेकसम म्हणतात, आणि ठरावीक काळाने ती पुन्हा काढून जुन्या नोंदीशी ताडून पाहतात. दोन्ही जुळल्या नाहीत तर फाइल बदलली आहे असे समजून दुसऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करावयाची असते. हे काम यंत्र करते, परंतु ते करावयाचे आहे हे माहीत असलेला माणूस संस्थेत असावा लागतो.

मराठीपुरता प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. 1990 नंतरची दोनेक दशके दिवाळी अंक, स्मरणिका, गौरवग्रंथ आणि ग्रामदैवतांच्या माहितीपुस्तिका बहुतांशी पेजमेकरमध्ये जुळविल्या जात आणि त्यांतील अक्षरे श्रीलिपीसारख्या टंकांची असत. या टंकांत रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या संकेतांवर देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असल्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटते, आणि शोधयंत्रालाही त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. त्यातच ज्या प्रोग्राममध्ये या फाइली तयार झाल्या त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. अशा फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतांत, उतरवून ठेवण्याचे काम परदेशातील कोणतीही संस्था करणार नाही. आणि गावातील डीटीपी चालकाने दुकान बंद करण्यापूर्वी त्याच्याकडील सीडी मिळविणे हे तर त्या गावच्या ग्रंथपालालाच जमणार आहे.

‘इंटरनेट आर्काइव्ह’वर भार टाकणाऱ्यांचा युक्तिवाद वरवर बळकट दिसतो. या संस्थेचे काम खरोखरच अफाट आहे. परंतु संकेतस्थळे टिपणारा क्रॉलर हा प्रोग्राम प्रामुख्याने एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने गोळा करतो, आणि ज्या स्थळाकडे फारसे कोणी दुवे दिलेले नाहीत, अशा तालुक्याच्या ठिकाणच्या नाट्यमंडळाचे किंवा बोलीच्या कोशाचे स्थळ त्याच्या वाटेत क्वचितच येते. फेसबुकसारख्या, आत प्रवेश केल्यावर सरकपट्टीबरोबर उलगडत जाणाऱ्या पानांपुढे तर असा क्रॉलर बव्हंशी हतबल ठरतो. ती पाने माणसाने स्वतः चाळीत असताना नोंदवून घेणारी साधने वेगळी आहेत आणि ती वापरण्यास शिकावी लागतात. शिवाय 2023 च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर आणि 2024 च्या ऑक्टोबरात खुद्द ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर सायबर हल्ले झाले आणि दोन्ही ठिकाणच्या सेवा खंडित झाल्या, हे ध्यानात घेतले तर एकाच भांडारावर विसंबणे किती धोक्याचे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. गंमत अशी की, ज्या संस्थेचे नाव या आक्षेपात घेतले जाते तिनेच 2017 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना आपापल्या गावाचा जालीय अभिलेख जमविण्याचे शिक्षण देणारा ‘कम्युनिटी वेब्ज’ हा उपक्रम सुरू केला. काय टिकवायचे याची निवड दुरून होत नाही, हे तिला उमगलेले दिसते.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटण्याचे खरे तर कारण नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळीत होते. 1898 पासून निघालेले त्यांचे साधनखंड आणि 1910 साली पुण्यात स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे अशाच स्थानिक शोधाचे फळ आहे.

राहिला ऐपतीचा प्रश्न. एकाच व्याख्यानात सगळे उरकणारी, प्रमाणपत्र वाटून संपणारी कार्यशाळा अशा संस्थांच्या उपयोगाची नाही, हे आक्षेपकांचे म्हणणे मान्यच केले पाहिजे. वर्षभर, महिन्यातून एकदा, संस्थेच्या स्वतःच्याच फाइलींवर काम करवून घेणारे शिक्षण मात्र खर्चिक नसते, कारण चेकसम काढणारे आणि संकेतस्थळ टिपणारे अनेक प्रोग्राम विनामूल्य मिळतात. पैसा लागतो तो प्रतींसाठी, आणि तोही वाटून घेता येतो. चिपळूणच्या 1864 सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 आणि 2021 अशा दोन महापुरांचे पाणी शिरले आणि ग्रंथांची मोठी हानी झाली. अशा ठिकाणी स्कॅनची हार्ड डिस्क त्याच इमारतीतील कपाटात ठेवणे व्यर्थच. नदीकाठच्या संस्थेने आपली प्रत घाटावरील संस्थेकडे आणि तिने आपली प्रत हिच्याकडे ठेवावी, वर्षातून एकदा दोघींनी ती उघडून, ताडून पाहावी, एवढा करार दोन कार्यकारिणींच्या बैठकीत होण्याजोगा आहे.

कायद्याची अडचण याहून अवघड आहे. छापील ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याचे बंधन 1954 च्या कायद्याने प्रकाशकांवर घातले, पण संकेतस्थळांना तसे बंधन नाही. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली ती ज्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत त्याच्याकडे आधीपासून आहे तिच्यापुरती. मुळातच महाजालावर जन्मलेला मजकूर तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून या शिक्षणात परवानगीपत्राचा नमुना तयार करणे आणि स्थानिक लेखक, मंडळे व छायाचित्रकार यांच्याकडून तो सही करून घेणे यांना प्रोग्राम चालविण्याइतकाच वेळ द्यावा लागेल, आणि पहिला सराव संस्थेने स्वतःच्या संकेतस्थळावर करावा, कारण तेथील आपल्या मजकुरासाठी इतर कोणाच्या परवानगीवाचून अडत नाही.