निजेंत श्वास विसरणारें मूल

श्वासोच्छ्वास, हृदयाचे ठोके, अन्नाचें पचन हीं कामें आपण करीत नाहीं. तीं आपोआप होत असतात. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या मज्जातंतूंच्या व्यवस्थेस शास्त्रज्ञ स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. ती गर्भांत कोणाच्या आज्ञेनें उभी राहते, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाहीं. क्वचित् एखादें मूल असें जन्मास येतें कीं, डोळा लागतांच त्याचा श्वास मंदावतो. रक्तांत कार्बन डायऑक्साइड सांचला तरी त्यास जाग येत नाहीं. अशा मुलाच्या उशाशीं रोज रात्रीं श्वासयंत्र चालवावें लागतें, आणि घरांतील कोणास तरी जागत बसावें लागतें.

युरोपांतील एका जलपरीच्या कथेवरून या रोगास ‘ऑन्डाइनचा शाप’ असें नांव पडलें. आम्हांस तें मुळींच रुचत नाहीं. शाप म्हटला कीं पाप कोणाचें याची चौकशी सुरू होते, आणि आपल्या घरांतून ती बहुधा सुनेपाशीं येऊन थांबते.

वस्तुतः हा लेखनांतील दोष आहे. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशींत जनुकांची पोथी सारखीच असते. कोणत्या पेशीनें कोणतें पान उघडावयाचें, हें कांहीं विशिष्ट प्रथिनें ठरवितात. तीं त्या पोथीस ठराविक जागीं जाऊन चिकटतात आणि जनुकांस जागें करतात किंवा निजवितात. संस्कृत व्याकरण शिकलेल्या वाचकांस येथें पाणिनीचें अधिकारसूत्र आठवेल. तें स्वतः एकहि रूप सिद्ध करीत नाहीं, पण पुढील कित्येक सूत्रांवर त्याचा अंमल चालतो.

गर्भाच्या पाठीकडील भागांतून कांहीं पेशी सुटून प्रवासास निघतात. त्यांतील कांहीं महारोहिणीजवळ पोंचल्या कीं तिच्या भिंतींतून निघणारी रासायनिक खूण त्यांस मिळते, आणि त्यांच्यांत ‘फॉक्स-टू-बी’ व ‘मॅश-वन’ हीं नियामक प्रथिनें प्रकट होतात. मग ‘हँड-टू’, ‘गाटा-थ्री’ यांची पाळी येते. शेवटीं नॉरॲड्रेनलीन तयार करणारीं एंझाइमें निर्माण होऊन ती पेशी मज्जापेशी म्हणून कामास लागते. यांत फॉक्स-टू-बीचा अधिकार सर्वांत विस्तृत. १९९९ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं उंदरांत हें जनुक निकामी केलें, तेव्हां स्वायत्त संस्थेची एकहि गंडिका उभी राहिली नाहीं. हृदयाकडची नाहीं, आंतड्यांतलीहि नाहीं.

२००३ सालीं पॅरिसच्या संशोधकांनीं निजेंत श्वास विसरणाऱ्या मुलांत याच जनुकाचा दोष दाखविला. या प्रथिनांत ॲलॅनीन नांवाचें घटकद्रव्य एके ठिकाणीं ओळीनें २० वेळां येतें. बहुतेक रोग्यांत तें २४ ते ३३ वेळां आढळतें. लेखकूनें एकच अक्षर गिरवीत बसावें, तसा हा प्रकार! जितकी वृद्धि अधिक तितकी पीडाहि बहुधा अधिक. २७ वा त्याहून जास्त असल्यास पुष्कळदां दिवसाहि यंत्र लागतें. कांहींच्या मोठ्या आंतड्याच्या शेवटच्या भागांत मज्जापेशीच नसतात, त्यामुळें जन्मतःच मलावरोध होतो. २००८ सालीं हाच दोष घातलेल्या उंदरांची तपासणी झाली. मेंदूच्या बुडाशीं कार्बन डायऑक्साइडची वाढ ओळखणारा पेशींचा जो पुंजका असतो, तो त्यांच्यांत जवळजवळ नव्हताच. मुलास जाग कां येत नाहीं, याचा उलगडा येथें होतो.

बहुतेक वेळां हा दोष मातापित्यांत नसतो. तो मुलांतच नव्यानें उद्भवतो. थोड्या कुटुंबांत मात्र आई किंवा बाप तो नकळत वाहत असतो. म्हणून दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वीं जनुकांची तपासणी करवून घ्यावी, आणि ती दोघांचीहि करावी. एकट्या आईची करून भागत नाहीं.