विजेची मोड

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एक लहानसा वाद झाला. वाद घरगुतीच होता. परंतु ज्या विषयावरून तो झाला तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या रोजच्या जाण्यायेण्याशीं निगडित असल्यामुळें, आणि त्या वादांत प्रस्तुत लेखकाचीच बाजू चुकीची ठरल्यामुळें, तो वाचकांपुढें मांडणें मला इष्ट वाटतें.

आम्ही दोघे बंधु खांदा कॉलनींत शेजारशेजारच्या दोन घरांत राहतों. चूल मात्र एकच आहे. माझ्या नातवानें यंदा विद्युत् शाखेची पदविका मिळविली. त्याच्यापुढें दोन वाटा होत्या. एक, संगणकाच्या एका कचेरींत खुर्चीवर बसून करावयाची नोकरी. दुसरी, लोकल गाड्यांच्या कारशेडमध्यें उमेदवारी. पहिलींत पगार बरा, दुसरींत तूर्त केवळ विद्यावेतन. मुलाचा ओढा दुसरीकडे. आमचे थोरले बंधु त्याला म्हणाले, "इतकें शिकून शेवटीं पाना घेऊन गाडीखालींच शिरावयाचें काय रे?" मींहि मान डोलाविली. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांच्या मनांतील भीति निराळीच होती. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखालीं आपला मुलगा काम करणार, हें त्यांना सोसवत नव्हतें.

मुलानें प्रतिवाद केला नाहीं. तो मला एवढेंच म्हणाला, "आजोबा, उद्यां माझ्याबरोबर खांदेश्वरहून गाडीनें चला. मग काय तें सांगा."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही निघालों. गर्दीची वेळ नसल्यामुळें बसावयास जागा मिळाली. गाडी सुटली तसा पायांखालून एक स्वर निघाला व वेगाबरोबर चढत गेला. १९९८ च्या जूनमध्यें हा मार्ग पनवेलपर्यंत आला, तेव्हांपासून मी ह्या गाड्यांतून हिंडत आहें. हा स्वरहि शेंकडों वेळां ऐकला आहे. त्याचा अर्थ मात्र कधीं कोणास विचारला नव्हता.

"आजोबा, ही गाडी कशावर चालते?"

"विजेवर. डोक्यावरच्या तारेंतल्या," मी म्हणालों.

तो हंसला. "तारेंतली वीज जशीच्या तशी मोटरीला दिली तर गाडी चालावयाची नाहीं. तिची अगोदर मोड करावी लागते."

'मोड' हा शब्द त्याचा, आणि मला तो फार मार्मिक वाटला. दूरच्या प्रवासास निघतांना आपण मोठ्या रकमेच्या नोटा जवळ ठेवतों, कारण तेवढीच रक्कम नाण्यांत नेली तर ओझें होतें. पण भाजीवालीपुढें ती नोट उपयोगाची नाहीं. विजेचेंहि तसेंच आहे. ती दूर न्यावयाची तर तिचा दाब, म्हणजे व्होल्ट, मोठा असावा लागतो. दाब वाढविला म्हणजे तितक्याच कामाला प्रवाह कमी पुरतो. आणि तार तापून जी वीज वायां जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. पण मोटर चालवावयाची तर तीच वीज योग्य दाबाची व योग्य जातीची करून घ्यावी लागते. विजेच्या जाती दोन. एक, सदैव एकाच दिशेनें वाहणारी डी.सी.; दुसरी, क्षणोक्षणीं दिशा पालटणारी ए.सी. आपल्या घरांत येते ती दुसरी, आणि तिचीं सेकंदास पन्नास आवर्तनें होतात. एका जातीची दुसरी करणारें जें यंत्र त्याला कन्व्हर्टर म्हणतात. भारनियमनाच्या दिवसांत आपण घरोघर जो इन्व्हर्टर आणून ठेवला, तो ह्याच कुळांतला. बॅटरींतील डी.सी. घेऊन तो पंख्याला ए.सी. देतो.

मुंबईच्या लोकल गाड्यांत ही मोड शंभर वर्षांपासून चालली आहे. पालटली ती जागा. दि. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या उपस्थितींत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ह्या हार्बर मार्गावर देशांतील पहिली विजेची आगगाडी सुरू झाली. १९२८ च्या जानेवारींत कुलाबा ते बोरिवली ह्या मार्गावर विजेच्या गाड्या धांवूं लागल्या, आणि १९३० सालीं डेक्कन क्वीन सुरू होऊन विजेच्या इंजिनानें घांट चढूं लागली. ह्या सर्वांना तारेंतून मिळे ती वीज १५०० व्होल्टची व डी.सी. जातीची. परंतु वीजघरांत तयार होई ती ए.सी. टाटांनीं खोपोलीस १९१५ सालीं आणि भिवपुरीस १९२२ सालीं जलविद्युत् केंद्रें चालू केलीं होतीं. पुढें रेल्वेनेंहि ठाकुर्लीस आपलें स्वतःचें वीजघर बांधलें. म्हणजे एका जातीची दुसरी करण्याचें काम तेव्हांहि होतेंच. पण तें गाडींत नव्हे, रुळांच्या कडेच्या उपकेंद्रांत होत असे. त्यासाठीं पहिल्या काळांत अवजड फिरतीं यंत्रें असत. मागाहून पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर आले, व त्यांच्यानंतर सिलिकॉनचे. सराफानें पेढीवर बसून मोड द्यावी आणि गिऱ्हाइकानें चिल्लर घेऊन बाजार हिंडावा, असा तो व्यवहार होता.

चिल्लरीचें ओझें मात्र फार. दाब थोडा म्हणून प्रवाह प्रचंड. म्हणून तारा जाड, आणि दर कांहीं किलोमीटरांवर एक उपकेंद्र. गाडीच्या पोटांत आणखी एक गळती होती. गाडी सुटतांना प्रवाह एकदम वाढूं नये म्हणून मोटरीच्या वाटेंत रोध घालीत, आणि त्या रोधांत वीज नुसती तापून जाई. थांबतांना चाकांवर ब्रेकचे ठोकळे दाबीत, म्हणजे कमावलेला वेगहि तापूनच जाई. लोकल ही दोन-तीन किलोमीटरांवर थांबणारी गाडी. सुटतांना नुकसान, थांबतांना नुकसान, आणि हें दिवसभर.

म्हणून तारेंतील वीज २५,००० व्होल्टची व ए.सी. जातीची करण्याचें ठरलें. पश्चिम रेल्वेवर हें काम २०१२ च्या फेब्रुवारींत पुरें झालें, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ च्या जूनमध्यें. हार्बर मार्गाची पाळी शेवटीं आली. दि. ९ एप्रिल २०१६ च्या रात्रीं कुर्ल्याहून मुंबईस शेवटची डी.सी. लोकल गेली. जेथें आरंभ झाला होता तेथेंच, एक्याण्णव वर्षांनीं, त्या पद्धतीचा शेवट झाला. दाब सोळापटींहून अधिक वाढला. म्हणजे तितक्याच कामाला प्रवाह सोळाव्या हिश्श्याहून कमी, आणि तारेंतील तपणें अडीचशेव्या हिश्श्याहून कमी. उपकेंद्रेंहि आतां पुष्कळ दूर दूर असलीं तरी चालतात.

परंतु मोड करण्याचें काम नाहींसें झालें नाहीं. तें रुळांच्या कडेवरून उठून गाडीच्या पोटांत आलें. स्थित्यंतराच्या काळांत अडचण तर दुहेरी होती, कारण एकाच फेरींत गाडीला कांहीं अंतर एका जातीची वीज आणि पुढें दुसरीच मिळे. २००७ सालापासून सीमेन्सच्या विद्युत् सामग्रीच्या ज्या गाड्या आल्या, त्या दोन्ही जातींच्या विजेवर चालणाऱ्या होत्या, म्हणूनच लोकांची वाहतूक चालू ठेवून तारेंतली वीज बदलतां आली. आपण त्या दिवसांत कामावर गेलों व परत आलों. आपल्या डब्याखालीं काय घडत होतें ह्याचा पत्ताहि आपणांस नव्हता.

आतां ती मोड कशी होते तें, मला जसें समजलें तसें सांगतों. छपरावरच्या दांडीनें वीज आंत येते. रोहित्र तिचा दाब उतरवितें. पहिला कन्व्हर्टर तिची डी.सी. करतो, व ती कपॅसिटरांच्या सांठ्यांत स्थिर होते. मग इन्व्हर्टर त्या डी.सी.ची पुनः ए.सी. करून मोटरींना देतो. पण ही ए.सी. तारेंतल्यासारखी पन्नास आवर्तनांस जखडलेली नसते. गाडी हळू चालावयाची तर आवर्तनें थोडीं, वेग हवा तर अधिक. येथें मीं नातवास थांबविलें. "सरळ वाहणाऱ्या प्रवाहाची लाट कशी बनवितात?" तो म्हणाला, "आजोबा, इन्व्हर्टरला दोनच गोष्टी येतात. चालू आणि बंद. कांहीं वेळ चालू, कांहीं वेळ बंद. कधीं अल्प काळ, कधीं दीर्घ. असें सेकंदाला शेंकडों वेळां."

हें ऐकतांच माझ्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. जन्मभर मीं संस्कृत शिकविलें. वृत्तांत वर्ण दोनच प्रकारचे, लघु आणि गुरु. परंतु त्यांच्या मांडणीनेंच कानाला मंदाक्रान्तेची संथ गति ऐकूं येते, आणि त्याच दोहोंच्या दुसऱ्या मांडणीनें भुजंगप्रयाताची धांव. इन्व्हर्टर तेंच करतो. अल्प व दीर्घ तुकडे तो अशा क्रमानें मांडतो कीं मोटरीच्या वेटोळ्यांना तुकडे जाणवत नाहींत, लाट जाणवते. मांडणी बदलली कीं गति बदलते. पायांखालून चढत जाणारा तो स्वर ह्याच उघडझापेचा.

मानसरोवर जवळ आलें तसा स्वर उतरूं लागला. नातू म्हणाला, "आतां आपण वीज परत देत आहों." थांबतेवेळीं मोटर हीच जनित्र होते, चाकांचा वेग घेऊन वीज करते, आणि कन्व्हर्टर उलट दिशेनें काम करून ती तारेंत परत पाठवितो. त्याच वेळीं जवळपास सुटणाऱ्या दुसऱ्या गाडीला ती उपयोगी पडते. रेल्वेच्या हिशेबाप्रमाणें अशा गाड्यांत शेंकडा तीसच्या आसपास वीज वांचते. पूर्वीं जी ब्रेकच्या ठोकळ्यांत जळत होती, तीच ही.

परत येतांना मीं सूनबाईंची भीति त्याच्या कानावर घातली. तो गंभीर झाला. म्हणाला, "आईला खोटें सांगणार नाहीं. तारेंतली वीज बंद करून ती जमिनीला जोडल्याशिवाय छपरावर कोणी चढत नाहीं. खरा फसवा धोका निराळा आहे. दांडी उतरविली, गाडी मेली, असें वाटतें. पण त्या कपॅसिटरांत वीज सांठलेली असते. पेटी उघडण्यापूर्वीं ठरलेलीं मिनिटें थांबावयाचें, आणि मीटरनें पाहून मगच हात घालावयाचा. उतावीळ माणसाचें तेथें काम नाहीं."

आणि काम तर पुष्कळ आहे. दर स्टेशनाहून सुटतांना त्या सिलिकॉनच्या चकत्या तापतात, मध्यंतरीं निवतात. दिवसांतून किती वेळां, ह्याचा हिशेब वाचकांनींच करावा. तापण्यानिवण्यानें आंतले बारीक सांधे कालांतरानें सैल होतात. थंड ठेवणाऱ्या पंख्यांवर व पात्यांवर धूळ बसते. पावसाळ्यांत ओल शिरूं पाहते. हें सारें वेळेवर कोणी पाहिलें नाहीं तर गाडी दोन स्टेशनांच्या मध्यें उभी राहते, मागच्या गाड्या अडतात, आणि कंटाळलेले लोक रुळांवर उतरतात. त्यांतून जीव जातात, हें मुंबईच्या आसपास राहणाऱ्या माणसास सांगावयास नको.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत मीं मुलांना बजावीत आलों, "अभ्यास केला नाहींस तर हातांत पाना घ्यावा लागेल." त्या वाक्यानें किती मुलें अभ्यासाला लागलीं हें मी जाणत नाहीं, परंतु पाना धरणारा हात अडाण्याचाच, हा समज मात्र मीं पिढीच्या पिढी पेरला. आपल्या पांढरपेशा घरांतून हा समज अद्याप गेलेला नाहीं. यंत्राचा उपभोग घ्यावयास आपण पुढें, त्याला हात लावावयास मागें. २०१७ च्या डिसेंबरांत मुंबईंत पहिली वातानुकूलित लोकल धांवली, तिची विद्युत् सामग्री आपल्याच देशांतील भेल ह्या कारखान्याची होती. नवी मुंबईच्या परिवहन सेवेंत विजेच्या बसगाड्या आल्या आहेत; त्यांत तार नाहीं, बॅटरी आहे, पण इन्व्हर्टर तोच आणि थांबतांना वीज परत घेण्याची रीतिहि तीच. असें हें काम वाढत जाणार. तें करणारे हात शिकलेले नसावेत, असें कोण म्हणेल?

त्या रात्रीं पानें घेतांना मीं हें सर्व थोरल्या बंधूंपुढें मांडलें, आणि माझी चूक झाली हेंहि सांगितलें. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पगाराचें काय?" मी म्हणालों, "उमेदवारीपुरती चूल एकच आहे." ते त्यावर कांहीं बोलले नाहींत, नकारहि दिला नाहीं.

सूनबाईंनीं मात्र मुलाला एकच प्रश्न विचारला. "तीं थांबावयाचीं मिनिटें मोजतें कोण?"

"जो पेटी उघडणार तोच," तो म्हणाला. "म्हणजे मीच."

गेल्या सोमवारीं तो डबा घेऊन सकाळच्या गाडीनें कामावर गेला. संध्याकाळीं घरीं आला तेव्हां हातांवर काळें होतें. सूनबाईंनीं साबण पुढें केला आणि विचारलें, "मोजलींस?" तो म्हणाला, "मोजलीं." तेव्हांपासून आमच्या घरांत रोज दिवेलागणीला हा प्रश्न होतो, आणि उत्तर येईपर्यंत थोरले बंधुहि वर्तमानपत्राचें पान उलटीत नाहींत.