जुना वॉकी-टॉकी ऑनलाइन घेताय? आधी परवान्याचं बघा

डोळखांबहून गुंडे-डेहणेमार्गे आजोबा पर्वताकडे ट्रेकर्सची वर्दळ असते. कड्याखाली मोबाईलची रेंज दगा देते, मग ग्रुपमध्ये कुणीतरी सुचवतं: "जुने वॉकी-टॉकी घेऊया, स्वस्तात मिळतात." पण असा सेट विकत घेतला म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली, असं होत नाही.

सरकारने काय केलं?

मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा विक्रीबद्दल ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, ओएलएक्स, फेसबुकसह 13 प्लॅटफॉर्मना नोटिसा पाठवल्या. त्याच महिन्यात अशा विक्रीसाठी मार्गदर्शक सूचनाही आल्या. जानेवारी 2026 मध्ये 8 प्लॅटफॉर्मना मिळून 44 लाखांचा दंड झाला. थोडक्यात, मोठ्या साइटवर दिसतंय म्हणजे कायदेशीरच असेल, असं समजू नका.

परवाना कुणाला लागतो?

446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या, अर्ध्या वॉटपर्यंतच्या मान्यताप्राप्त सेटना 2018 च्या नियमांनुसार परवान्यातून सूट आहे. 'हॅम' म्हणजे हौशी रेडिओचे सेट यात येत नाहीत. बाओफेंग यूव्ही-5आर हे लोकप्रिय मॉडेल घ्या. ते 136 ते 174 मेगाहर्ट्झवर बोलू शकतं, पण या पट्ट्यात हॅमसाठी मोकळे आहेत फक्त 144 ते 146. बाकी जागा इतर सेवांच्या. चुकून बटण दाबलं तरी त्यांच्या कामात अडथळा येऊ शकतो.

हॅम परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेली मुलंही ती देऊ शकतात. परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. सेट विकला म्हणून तो सेटसोबत तुमच्याकडे येत नाही.

जुना सेट घेताना काय बघाल?

- विकणाऱ्याचा परवाना आणि सेटचं मूळ बिल मागा.
- मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहिलेली पावती घ्या. नंबर खरवडलेला असेल तर सेट घेऊ नका.
- परवानाधारकाकडून सेट चालवून बघा. पॉवर वॉटमीटरवर मोजा, 'आवाज येतोय' एवढ्यावर जाऊ नका. ऐकू येणारा सेट पलीकडे पोहोचेलच असं नाही.
- अँटेना किंवा डमी लोड न जोडता ट्रान्समिट करू नका, सेट जळू शकतो.
- बॅटरी किती टिकते ते विचारा आणि नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

डोंगरात उपयोग किती?

हातातल्या सेटच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपर्क तुटतो. वाटेत रिपीटर नसेल तर डेहण्याच्या दरीतून शहापूरला हाक पोहोचण्याची आशा धरू नका. शिवाय पलीकडे कुणीतरी त्याच फ्रिक्वेन्सीवर ऐकत बसलेलं हवं. ग्रुपमधल्या ग्रुपमध्ये बोलायला परवानामुक्त सेट पुरतात. बाकी, कुठे चाललोय आणि कधी परतणार हे पायथ्याच्या गावात सांगून निघा. वेळेवर परतला नाहीत, तर शोधायला आधी तीच माणसं येतील.