रानातलं भूत

चैत्रात परतवाड्याहून धारणीला एस.टी.ने कधी गेला आहात का? घाट लागला की डोंगर करपलेला दिसतो, साग उघडा पडलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात सेमाडोहच्या अलीकडे उतारावर मला एक पांढरंफटक झाड दिसलं. अंगावर पान नाही, फांद्या हातासारख्या पसरलेल्या. तोंडून निघून गेलं, "हे काय भूत!"

शेजारचे आजोबा हसले. म्हणाले, "भूत नाही बाप्पा, कढई हाय थे. डिंकाचं झाड."

कढईलाच कांडोळ म्हणतात. 'भुत्या' हेही तिचंच नाव. म्हणजे दचकणारा मी काही पहिला नव्हे!

आता ओळख सांगतो. साल गुळगुळीत, पांढुरकी, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. पावसाळ्यात पाच बोटांच्या पंजासारखी पानं, डहाळीच्या टोकाला झुबक्यानं. उन्हाळ्यात चार-पाच तांबड्या फळांची चांदणी. फळ मखमली दिसतं, पण मुलांना हात लावू देऊ नका. त्याची कुसं बोटात शिरली की आग होते. शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया युरेन्स. त्यातल्या 'युरेन्स'चा अर्थच आग करणारी.

डिंकाची पारख घरीच करा. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. कढईचा विरघळत नाही, फुगून लगदा होतो, आणि त्याला आंबूस वास येतो. बाळंतिणीच्या लाडवाला बाभळीचा किंवा धावड्याचाच डिंक घ्यावा. कढईचा डिंक 'कराया' नावानं परदेशी जातो. औषधांत आणि कवळी बसवण्याच्या भुकटीत तो वापरतात.

हा मोलाचा डिंकच झाडाच्या जिवावर उठतो. जास्त डिंकाच्या आशेनं कुऱ्हाडीचे खोल घाव घातले, जुना घाव भरण्याआधी नवा घातला, की झाड वाळतं. एका हंगामाच्या पैशापायी पुढचे सगळे हंगाम जातात. दुभत्या गाईच्या सडातून आपण रक्त काढतो का?

मेळघाटात १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. तिथल्या झाडाला हात लावायचा नाहीच. पण तुमच्या गावच्या खडकाळ टेकडीवर, जिथं दुसरं काही धड येत नाही, तिथं एखादी कढई उभी असेल. 'भुताचं झाड' म्हणून तिच्यावर कुऱ्हाड चालवू नका. मुलांना दुरून दाखवा आणि नाव सांगा. नाव कळलं की भीती जाते, आणि कुऱ्हाडही थांबते.